अडलेल्या शब्दाचा हेवा

माझे बाबा तराजू दुरुस्त करायचे. भाजीवाल्यांचे नव्हेत. औषधवाल्यांचे, सोनारांचे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतले. काचेच्या पेटीत ठेवलेले, नुसत्या श्वासाने काटा हलवणारे. त्यांच्या दुकानात शिंकायला बंदी होती. शिंक आली की पळत गल्लीत जायचं, हवं तेवढं शिंकायचं आणि नाक पुसून परत यायचं. गिऱ्हाइकांनाही हाच नियम होता, आणि एकदा तर खुद्द दुकानाच्या जागेच्या मालकांना बाबांनी हात धरून बाहेर काढलं होतं.

गल्ली त्यांना काटेमास्तर म्हणायची. पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते काट्यांमुळे नव्हे, थापांमुळे. दुपारी चारला चहा आला की दुकानाच्या पायरीवर तीन माणसं न चुकता जमत. समोरचे सलूनवाले, गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासून “दोन मिनिटांत आलो” म्हणत येणारे. शेजारच्या शिवणवाल्या मावशी, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. आणि पोस्टमन. आमच्या गल्लीपुढच्या सगळ्या वस्तीला टपाल रोज अर्धा तास उशिरा का मिळतं, हे पोस्ट ऑफिसला कधी कळलं नाही.

बाबांच्या सगळ्या गोष्टी एकाच साच्यातल्या. दोन देश, एक डोंगरवाल्यांचा आणि एक बेटवाल्यांचा. दोघांची कायम चढाओढ, कोण जास्त भारी यंत्र बनवतो याची. शेवटी दोघं आपल्याकडे यायचे आणि आपला माणूस काहीतरी करून त्यांची जिरवायचा. पूर्वी बाबा देशांची खरी नावं घेत. पण एकदा त्यावरून सलूनमध्ये दोन गिऱ्हाइकांची जुंपली आणि एक जण अर्ध्या दाढीनिशी तरातरा निघून गेला. तेव्हापासून नावं बंद.

“डोंगरवाल्यांनी असा तराजू बनवला,” बाबा सुरू करायचे, “की माशीच्या पायाचं वजन करावं. एका पायाचं! बेटवाल्यांना मुद्दाम बोलावून दाखवला. बेटवाले एक अक्षर बोलले नाहीत. मान डोलावली, घरी गेले आणि महिन्याने एक खोकं पाठवलं. आत तराजू, सोबत चिठ्ठी, यात माशीची सावली ठेवून बघा. ठेवली. काटा हलला! झालं, डोंगरवाल्यांचं तोंड एवढंसं. मग दोघं मिळून आपल्याकडे आले. तुम्हाला काय येतं ते दाखवा म्हणाले. आपल्या माणसाने तराजू पाहिला, सावली पाहिली, माशी पाहिली. म्हणाला, तराजू उत्तम आहे, पण वजन चुकलंय. माशी जेवून आलीय. उद्या उपाशीपोटी घेऊन या.”

इथे बाबा मावशींकडे बघायचे. मावशींनी ओठांतल्या टाचण्या हातात घेतल्या म्हणजे त्या आता हसणार, गोष्ट जमली. अकरा वर्षं ही पायरी बाबांची होती. तिथे दुसरं कुणी गोष्ट सांगत नसे. सांगावीशी वाटली तरी बाबा आधीच सुरू झालेले असत.

मग मालकांनी दुकानाचे दोन भाग केले. मधोमध छातीएवढी प्लायवूडची भिंत घातली आणि पलीकडचा भाग एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला दिला.

घड्याळकाका सडपातळ होते. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, भिंग कपाळावर सरकवलेलं. बोलताना अडखळायचे. अडखळणारी माणसं घाबरीघुबरी होतात, लाल होतात, तसं त्यांचं काही होत नसे. शब्द अडला की ते वर छताच्या कोपऱ्याकडे बघायचे, येईल तेव्हा येईल अशा चेहऱ्याने. शब्द आला की पुढे चालू. पहिले तीन महिने ते भिंतीवर कोपर टेकून बाबांच्या गोष्टी नुसत्या ऐकायचे आणि मनापासून हसायचे.

“माणूस चांगला आहे,” बाबा घरी सांगत. “ऐकून घेतो.”

एक दिवस चहाच्या वेळेला बाबा गिऱ्हाइकात अडकले होते. एका औषधवाल्याचा तराजू उघडून ठेवलेला, तोंडावर रुमाल बांधलेला, बोलायची सोय नाही. मी शाळेतून येऊन पायरीवर बसले होते. मावशी म्हणाल्या, “घड्याळवाले, आज तुम्ही सांगा काहीतरी.”

“मी?” काका म्हणाले. “म... मला उशीर लागतो.”

“लागू दे की,” सलूनवाले म्हणाले. “माझ्या गिऱ्हाइकाला सवय आहे.”

काकांनी भिंग खिशात ठेवलं. “डों... डोंगरवाल्यांनी एक लिफ्ट बनवली. इतकी वेगवान, की ब... बटण दाबलं की माणूस वर. मग बेटवाल्यांनी त्याहून वेगवान बनवली. बटण दाबायच्या आधीच माणूस वर. आपण इथे क... कशाला आलो तेही त्याला आठवेना. मग दोघं आपल्याकडे आले. तुमची लिफ्ट दाखवा म्हणाले. आपले साहेब त्यांना घेऊन गेले. लिफ्टला कुलूप. आणि बाहेर... बाहेर प... प...”

काकांनी छताच्या कोपऱ्याकडे बघितलं. कुणी हललं नाही. सलूनवाल्यांचा कप ओठांपाशी थांबला. पोस्टमनच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. पलीकडे बाबासुद्धा चिमट्यात वजन धरून थांबले होते, ते मला दिसत होतं.

“...पाटी,” काका म्हणाले. “‘लिफ्ट बंद आहे.’ साहेब म्हणाले, लिफ्टचं सोडा हो, पाटी बघा. वीस वर्षं झाली, रं... रंग उडालेला नाही. आहे तुमच्याकडे असा रंग?”

मग सगळ्यांच्या माना एकदम समोरच्या चार मजली इमारतीकडे वळल्या. तिथे दाराशी, आम्हाला आठवतं तेव्हापासून, लाल अक्षरांत तीच पाटी होती. रंग खरोखर जसाच्या तसा. मावशींना टाचण्या काढायला वेळच मिळाला नाही. त्या गल्लीभर उडाल्या आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमनच्या चपलेतून दोन निघाल्या. सलूनमधून गिऱ्हाईक साबणासकट बाहेर आलं, काय झालं विचारायला. त्यालाही सांगितलं. तोही हसला.

बाबांच्या चिमट्यातलं वजन खाली पडलं होतं. ते वाकून शोधत राहिले, बराच वेळ.

त्या संध्याकाळी माझ्याकडून चूक झाली. जेवताना मी ती गोष्ट आईला सांगितली. काकांसारखी छताकडे बघून, “प... प...” करून. आईने आधी हातातला चमचा खाली ठेवला. मग तोंडाला पदर लावला. मग ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि चौकट धरून हसत राहिली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

बाबांनी घास तोंडाशी नेला होता तो परत ताटात ठेवला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. आई त्यांच्या गोष्टींना “हं” म्हणायची, कधी “पुरे आता” म्हणायची. चौकट धरायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

“पाटीत हसण्यासारखं काय आहे?” बाबा म्हणाले.

“अहो, रंग!” आईला पुन्हा उबळ आली.

“त्यात यंत्र कुठे आहे? चढाओढ यंत्रांची आहे. पाटी हे काय यंत्र झालं?”

“नाहीच ना. म्हणून तर,” आई म्हणाली.

“नियमात बसत नाही,” बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

हेवा हा शब्द बाबांनी कधी उच्चारला नाही. “मला काय त्याचं?” म्हणायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. दुसऱ्या दिवशी ते समोरच्या इमारतीत जाऊन ती पाटी बघून आले. अकरा वर्षं आपल्या नाकासमोर टांगलेली पाटी आपल्याला कशी दिसली नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. आपण माशीच्या सावलीपर्यंत पोहोचलो आणि हा माणूस तीन महिन्यांत रस्ता ओलांडून गोष्ट घेऊन आला.

मग बारीकसारीक सुरू झालं. पलीकडच्या टिकटिकीने आपला काटा थरथरतो अशी तक्रार त्यांनी मालकांकडे केली. मालक येऊन काट्याकडे टक लावून उभे राहिले. काटा मुळीच थरथरला नाही. उलट मालकांनाच शिंक आली आणि ते स्वतःहून बाहेर पळाले. चहावाला आधी घड्याळवाल्यांचा कप भरतो, हे बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं. “ते दाराच्या बाजूला बसतात,” आई म्हणाली. “दाराच्या बाजूला मुद्दाम बसतात,” बाबा म्हणाले.

सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांनी गोष्ट सांगताना स्वतःच मध्ये अडून बघायचं ठरवलं. काकांची गंमत त्या अडण्यात आहे, लोक शब्दाची वाट बघतात म्हणून हसतात, असा त्यांनी हिशेब लावला आणि माशीच्या गोष्टीत शेवटच्या वाक्याआधी स्वतः अडले. “माशी ज... ज...” आणि छताकडे बघितलं.

“घसा बसला का, मास्तर?” सलूनवाल्यांनी काळजीने विचारलं आणि धावत जाऊन कोमट पाणी घेऊन आले. मिठाचं. सगळ्यांनी बाबांना गुळण्या करायला लावल्या. गोष्ट तशीच राहिली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

काका आता आठवड्यातून एकदा-दोनदा सांगू लागले होते. त्या दिवशी यंत्रमानवांची गोष्ट होती. डोंगरवाल्यांचा यंत्रमानव दिवसाला वीस तास काम करायचा, बेटवाल्यांचा चोवीस तास, तेही तेलाशिवाय. दोघांना परीक्षेसाठी आपल्याकडच्या एका कचेरीत आणून बसवलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही देशांचे लोक बघायला आले. “तर दोघं ख... खुर्चीत रेलून बसलेले. टेबलावर चहा. डोंगरवाले म्हणाले, अरे, काम? तेव्हा यंत्रमानव वर न बघता म्हणाला, उ... उ...”

“उद्या या!” बाबा भिंतीपलीकडून ओरडले.

लोक हसले, पण अर्धंमुर्धं. खाली पाय टाकावा आणि पायरी तिथे नसावी, तसं ते हसणं कोसळलं. काकांचं तोंड उघडंच होतं. त्यांनी ते मिटलं. “हो,” म्हणाले. “तेच.”

बाबा खूश होते. त्यांनी शेवट ओळखला होता, आणि गोष्टी सांगणाऱ्याला दुसऱ्याचा शेवट ओळखता येणं ही त्यांच्या मते छोटी गोष्ट नव्हती.

चार दिवसांनी पुन्हा. या वेळी विचार करणारं यंत्र होतं. डोंगरवाल्यांचं यंत्र कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पापणी लवायच्या आत द्यायचं. बेटवाल्यांचं, प्रश्न विचारायच्या आत. दोन्ही यंत्रं मिरवत आपल्याकडे आणली. आपली एक बाई पुढे झाली आणि तिने एकच प्रश्न विचारला. आज भाजी कसली करू? “डोंगरवाल्यांच्या यंत्रातून धूर निघाला. बेटवाल्यांचं तीन दिवस घुं... घुंघुं करत राहिलं आणि बंद पडलं. मग सगळे आपल्या यंत्राकडे वळले. आपलं यंत्र को... कोपऱ्यात पेपर वाचत बसलेलं. ते म्हणालं, क... क...”

“कोबी!” बाबा म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि छताकडे बघितलं. “क...”

“कारलं? काकडी? कांदे?”

सलूनवाले फसकन हसले. मग पोस्टमन. बाबांना चेव आला. “कोथिंबीर! कोहळा! अहो, मंडईत जाऊन येऊ का, तोवर सापडेल!”

पायरी हसली. त्या हसण्यात गोष्ट नव्हती. नुसता एक माणूस होता आणि त्याचं अडलेलं तोंड. मला ते त्याच वेळी कळलं, कारण मीही हसले होते आणि माझे कान गरम झाले. काका हसणाऱ्या प्रत्येकाकडे एकेकदा बघून घेत होते. माझ्याकडेही त्यांनी बघितलं. मग त्यांनी कपातला उरलेला चहा गटारात ओतला, भिंग डोळ्याला लावलं आणि एका मनगटी घड्याळावर वाकले.

त्यानंतर काकांनी गोष्ट सांगितली नाही. लोक म्हणत, “आज घड्याळवाल्यांचं काय?” ते हात वर करून हातातलं काम दाखवत. बाबांना त्यांची पायरी परत मिळाली. डोंगरवाले आले, बेटवाले आले, माशी जेवून आली. लोक ऐकायचे आणि अधूनमधून भिंतीपलीकडे बघायचे. मावशी टाचण्या तोंडातच ठेवून “छान” म्हणायच्या.

“मी बोलतो आणि लोक त्याचं गप्प बसणं ऐकतात,” बाबा आईला म्हणाले. आता त्यांना त्याचाही हेवा वाटू लागला होता.

आईला एव्हाना सगळं कळलं होतं, मावशींकडून. ती कपडे घड्या घालत होती. “तुम्ही त्यांचा शब्द पळवलात,” ती म्हणाली.

“मी मदत करत होतो.”

“मदत?” आईने बाबांचाच शर्ट झटकला. “आणि विषय निघालाच आहे तर सांगते. तुमच्या गोष्टींना मी हसत का नाही, माहितेय? शेवट यायच्या आधीच तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. हसतेय की नाही ते. असं कुणी पाळत ठेवली की हसू येतं होय? ते बिचारे छताकडे बघतात.”

एक गोष्ट बाबांना आतून कुरतडत होती आणि तो पश्चात्ताप होता असं मी म्हणणार नाही. त्यांना ‘क’वरून काय होतं ते कळलं नव्हतं. अकरा वर्षं गोष्टी सांगणाऱ्या माणसाला एका गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. दाढी करताना, बूट घालताना ते पुटपुटत. “कणीस... केळफूल... कढीपत्ता, पण त्याची कुठे भाजी होते?” एकदा त्यांनी माझा शाळेचा शब्दकोश उघडून ‘क’ची पानं वाचून काढली.

त्याच सुमारास कॉलेजचा एक जुना तराजू दुरुस्तीला आला. दांडीच्या टोकाला एक बारीक स्क्रू असतो, तो मागेपुढे फिरवून दोन्ही पारडी समतोल करतात. त्याचे आटे झिजले होते. तसा स्क्रू बाजारात मिळत नव्हता आणि इतके बारीक आटे पाडायचं हत्यार बाबांकडे नव्हतं. घड्याळकाकांकडे होतं, तळहाताएवढं लेथ, धातू फिरवून कातायचं यंत्र. बाबांनी तीन दिवस स्वतःच खटपट करून पितळेचे दोन तुकडे वाया घालवले. मग गळ्याचं बटण लावून, कुणा परक्याच्या घरी जावं तसे, भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले.

“एक काम होतं.”

काकांनी झिजका स्क्रू घेतला, भिंगातून बघितला, मान डोलावली. बाबा तिथेच स्टुलावर बसून राहिले. ते घरी येऊन आम्हाला जे सांगत होते, त्यात राग होता की आणखी काय, मला ठरवता येईना. “हात बघितलेस का त्याचे? एकदासुद्धा अडत नाहीत. आटा सुरू केला तो सरळ शेवटपर्यंत. माझे हात असे नाहीत. सव्वीस वर्षं काम करतोय, माझे नाहीत.”

दुसऱ्या दिवशी स्क्रू तयार झाला. सुईच्या अग्रावर मावेल एवढा. बाबांनी तो चिमट्याने डबीत ठेवला, उठले, पुन्हा बसले.

“ते... त्या दिवशी ‘क’वरून काय होतं?”

काकांनी भिंग कपाळावर सरकवलं. बराच वेळ बाबांकडे बघितलं, छताकडे नव्हे. “वि... विसरलो,” म्हणाले आणि पुढचं घड्याळ उघडलं.

“मुद्दाम!” बाबा घरी म्हणाले. “विसरला कसला! मुद्दाम!”

पुढच्या शनिवारी सकाळची गोष्ट. बाबा पेपर वाचत बसले होते, मी दप्तर भरत होते. आई स्वयंपाकघरातून रोजच्यासारखं म्हणाली, “अहो, आज भाजी कसली करू?”

“काहीही,” बाबा म्हणाले.

आणि पेपर हळूहळू खाली आला. त्यामागून बाबांचा चेहरा दिसला. तोंड उघडं, डोळे मोठे.

“काय झालं?” मी विचारलं.

“काहीही,” बाबा म्हणाले. “काहीही! काहीही होतं ते!” आणि त्यांना हसू फुटलं. खरं, मोठं, खुर्ची मागे सरकवणारं हसू. आई बाहेर आली. तिला सांगितलं, तर ती भिंतीला टेकली. “सतरा वर्षं,” ती म्हणाली, “सतरा वर्षं त्या यंत्राशी संसार करतेय मी.”

हसणं ओसरलं तसे बाबा गंभीर झाले. “किती चांगली आहे,” म्हणाले. “हरामखोरानं किती चांगली बनवलीय.” त्यांना इतका हेवा वाटत होता की त्यांनी चहा अर्धा टाकला.

त्या दिवशीही मी शाळेतून येऊन चारला पायरीवर होते. चहा आला. बाबांनी घसा खाकरला. “परवा घड्याळवाल्यांची एक गोष्ट अर्धी राहिली होती,” ते म्हणाले. “मी पुरी करतो.”

मावशींनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. भिंतीपलीकडे काकांचे हात थांबले, पण मान वर झाली नाही. बाबांनी सुरुवात केली आणि मला कबूल केलं पाहिजे, फार सुंदर सांगितली. धूर सांगितला, घुंघुं सांगितलं, कोपऱ्यात पेपर वाचणारं यंत्र तर उभ्या उभ्या करून दाखवलं. पोस्टमन आधीच पुढे झुकला होता. “आणि ते म्हणालं,” बाबा म्हणाले, “क...”

थांबले.

मला वाटलं, पुन्हा ती मिठाच्या गुळण्यांची तऱ्हा. पण बाबा छताकडे बघत नव्हते, मावशींच्या तोंडाकडेही नाही. ते भिंतीपलीकडे बघत होते. “क...” ते पुन्हा म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

“कोबी?” सलूनवाले म्हणाले.

“कारलं!” पोस्टमन.

“मास्तर, मंडईत जाऊन येऊ का?” पुन्हा सलूनवाले, आणि पायरी हसली. बाबांचे कान लाल झाले. ते तसेच, उघड्या तोंडाने, उभे राहिले. काकांना कसलीच घाई नव्हती. त्यांनी भिंग काढलं, रुमालाने पुसलं, खिशात ठेवलं. शर्टाची बाही नीट केली. मग कोपर भिंतीवर टेकलं, छताच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “का... का...”

आता कुणी काही सुचवलं नाही.

“...काहीही.”

पहिल्या मावशी हसत सुटल्या, टाचण्यांसकट. मग सलूनवाले चक्क पायरीवर बसले आणि म्हणाले, “माझ्या बायकोनं ऐकलं तर मेलो.” पोस्टमनची पिशवी कलंडली. सगळे भिंतीकडे तोंड करून हसत होते, बाबांकडे त्यांची पाठ होती. बाबांनी एकट्याने चहा संपवला.

मी नंतर त्यांना विचारलं, “बाबा, तुम्ही मुद्दाम थांबलात ना?”

“छे. घशात काहीतरी अडकलं,” ते म्हणाले. अजूनही मला खरं काय ते माहीत नाही. सांगायला उभे राहिले तेव्हा गोष्ट स्वतःच पुरी करायच्या बेताने उभे राहिले होते, याबद्दल मात्र माझी खात्री आहे.

त्या दिवसापासून पायरीवर दोघं सांगू लागले. कधी डोंगरवाले बाबांकडे आणि बेटवाले काकांकडे, असे वाटून घ्यायचे. एकाने पाण्यावर धावणारी सायकल काढली की दुसऱ्याने पाण्याखाली धावणारा टांगा काढायचा, घोड्यासकट. त्यांची गट्टी जमली असं म्हणावं तर तसंही नाही. बाबा रोज घरी येऊन सांगायचे, आज माझ्या गोष्टीला सलूनवाले जास्त हसले, त्याच्या वेळी चहावाला मध्येच आला म्हणून त्याची गोष्ट पडली. ज्या दिवशी काकांची फार जमायची, त्या दिवशी बाबा जेवताना गप्प असत आणि आई मला डोळ्यांनी खुणावायची. पण त्यांनी काकांचं वाक्य पुन्हा कधी पुरं केलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने काकांना शब्द सुचवला, तेव्हा बाबा त्याला म्हणाले, “तुम्हाला शिंक येतेय का? बाहेर जा.”

चार वर्षांनी काका गल्ली सोडून गेले. त्यांच्या लेकीने तिच्या गावी बोलावलं, तिथे बाजारात त्यांना जागा मिळाली. निघायच्या दिवशी गल्लीने हार आणला, मावशी रडल्या. बाबा दुकानातून बाहेर आले नाहीत. तराजू उघडा आहे म्हणाले. काकाच भिंतीपाशी आले, थोडा वेळ उभे राहिले. बाबांनी तोंडावरचा रुमाल न काढता मान हलवली. काकांनीही हलवली आणि गेले.

पुढे काही महिन्यांनी बाबांना एकाएकी काकांच्या गावी एका सुट्या भागासाठी जावं लागलं. आमच्या बाजारात तो भाग तीन दुकानांत मिळत होता. आईने डबा करून दिला. बाबा सकाळच्या बसने गेले आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आले.

“भेटले का?” आईने विचारलं.

“भेटला. बाजार आहे तिथे मोठा. चारला वीस-पंचवीस माणसं जमतात त्याच्याकडे. खुर्च्या घेऊन येतात काही जण!” बाबांनी चप्पल कोपऱ्यात भिरकावली. “त्यांना काय माहीत आहे त्याचं? आम्ही त्याला चार वर्षं सहन केलं, आणि आता ऐकतात ते.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी मागे उभा राहिलो. त्याने बघितलं मला. नवीन गोष्ट सांगितली, छत्रीची.”

“आणि?”

“सगळे हसले. मी नाही हसलो.” बाबा पाणी प्यायले. “कशाला हसू? त्याला दिसलं असतं.”

“चांगली नव्हती का?”

बाबांनी भांडं खाली ठेवलं. “बसमध्ये हसलो,” ते म्हणाले. “दोन थांबे गेल्यावर. कंडक्टर विचारायला आला, काय झालं म्हणून. त्याला सांगायला लागलो, तर ड्रायव्हर म्हणाला, जरा मोठ्याने सांगा.”

“मग सांगितलीत?”

“सांगितली की,” बाबा म्हणाले. “त्याची आहे असं सांगूनच सांगितली. पण माझ्या तोंडून जास्त चांगली झाली.”